हळद हळदीसारखी दिसायला हवी

रविवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला, सासरी पाहुण्यांची वर्दळ अजून सरली नव्हती, आणि ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात मला विचारत होती, “मावशी, तू ग्रुपवर टाकलेल्या फोटोंत माझी हळद अशी लिंबाच्या सालीसारखी का दिसतेय गं? आणि चेहरा बघ, तापातून उठल्यासारखा.”

तिचं खरं होतं. हळदीच्या दिवशी सगळ्यांना फोटोंची घाई, म्हणून मी कॅमेऱ्यातल्या जेपेग फाइली जशाच्या तशा मोबाइलवर घेतल्या आणि पाठवून दिल्या. पण प्रत्येक फोटोची रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्याने काही संस्कार न केलेली मूळ नोंद, कार्डावर होती. मी तिला म्हटलं, “चार दिवस दे मला. हळद परत आणते.”

हळदीचा पिवळा माझ्या जुन्या ओळखीचा आहे. 1995 ते 2008 अशी तेरा वर्षं मी ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर बसले. लोक रोल धुवायला आणून द्यायचे. डेव्हलपर 37.8 अंशांवर, सव्वातीन मिनिटं, मग पुढची रसायनं, आणि वाळलेली निगेटिव्ह माझ्या हातात. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते आणि सगळे रंग उलटे असतात, त्यामुळे नवख्या माणसाला त्यात काही उमगत नाही. मला वर्षभरात उमगायला लागलं. समोर बटणांच्या चार ओळी: सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), यलो (पिवळा) आणि डेन्सिटी (गडद-फिकेपणा). मशीन आपला अंदाज बांधायचं, आणि निगेटिव्ह बघून त्या अंदाजात दुरुस्ती करणं हे माझं काम.

मशीनचा अंदाज एका समजुतीवर चालायचा. कुठल्याही फोटोतले सगळे रंग एकत्र घोटले तर साधारण राखाडी रंग होतो, अशी ती समजूत. सहलीचे फोटो, बारशाचे फोटो, शाळेतल्या वर्गाचे फोटो, यांना ती लागू पडते. हळदीला पडत नाही. साडी पिवळी, मांडव पिवळा, झेंडूच्या माळा, गालाला, हाताला, पायाला हळद. मशीनला वाटायचं की उजेडातच काही बिघाड आहे, आणि ते त्यातलं पिवळं काढून टाकायचं. कागदावर यायची ती निळसर नवरी. लॅबच्या भाषेत याला ‘सब्जेक्ट फेल्युअर’ म्हणत. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांना सगळे काका म्हणायचे, लग्नसराईत निगेटिव्ह दिव्यासमोर धरून आतूनच ओरडायचे, “हळद आलीय गं, पिवळं सोडू नकोस!”

पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा उजेडाच्या रंगाचा अंदाज घेऊन आपोआप दुरुस्ती करतो, तिला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. भाचीच्या फोटोंत त्याने नेमकी तीच चूक केली होती. सतरा वर्षांनी काकांची हाक कानात ऐकू आली.

आता त्या दिवसाचा उजेड सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. ताईचं घर ठाण्यातच, चरईत. बिल्डिंगच्या गच्चीवर पिवळ्या कापडाचा मांडव घातला होता. सकाळचे दहा, वर लख्ख ऊन, आणि ते कापडातून गाळून खाली येत होतं. म्हणजे मांडवाखालचा उजेडच पिवळा होता. मांडवाच्या एका बाजूला कापड संपत होतं, तिथून मात्र स्वच्छ ऊन आत यायचं. नवरदेवाची उष्टी हळद कल्याणहून आलेली, सवाष्णी आंब्याच्या पानांनी लावत होत्या. त्या सगळ्याला एक ऊब होती. मी तिथे उभी होते, मला ती आठवते.

माझा कॅमेरा निकॉनचा डी7200, एका परिचितांकडून वापरलेला घेतला. त्याच्या रॉ फाइलला एनईएफ म्हणतात. आणि ती उघडायला मी निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ वापरते. ते मोफत आहे. 2021 च्या मार्चमध्ये आलं. त्याआधी फोटो बघायला व्ह्यूएनएक्स-आय आणि संस्कार करायला कॅप्चर एनएक्स-डी अशी दोन वेगळी सॉफ्टवेअर होती, ती दोन्ही त्यात एकत्र केली. कॅननवाल्यांसाठी असंच डिजिटल फोटो प्रोफेशनल आहे, सोनीचं इमेजिंग एज. फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ तर कॅमेरा यूएसबीने जोडून कॅमेऱ्याच्याच प्रोसेसरकडून रॉ धुऊन घेतं, ही कल्पना मला फार आवडते. म्हणजे घरात बसून आपल्याच मशीनमध्ये रोल घातल्यासारखं.

रॉ म्हणजे काय, हे मला लोक अनेकदा विचारतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून प्रत्येक बिंदूवर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. चार बिंदूंच्या चौकोनात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट 1976 चं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. माझ्या कॅमेऱ्यात 2 कोटी 40 लाख बिंदू आहेत, त्यातले 1 कोटी 20 लाख फक्त हिरवा उजेड मोजतात आणि 60-60 लाख लाल आणि निळा. रॉ फाइलमध्ये हीच मोजमापं असतात. शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग काढायचे, व्हाइट बॅलन्स लावायचा, कॉन्ट्रास्ट द्यायचा, रंग गडद करायचे, हे सगळं नंतरचं. जेपेगमध्ये ते कॅमेऱ्याने करून टाकलेलं असतं आणि उरलेला माल फेकून दिलेला असतो. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या. माझ्या 14 बिटच्या एनईएफमध्ये 16,384. हळद परत आणायची तर ती या पायऱ्यांतूनच येणार होती.

सोमवारी रात्री जेवणं आटोपल्यावर बसले. निवडलेला फोटो असा: भाची पाटावर बसलेली, ताई वाकून तिच्या गालाला हळद लावतेय, पुढे रांगोळी, बाजूला मुसळ उभं. एनएक्स स्टुडिओत तो उघडला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. लिंबासारख्या हळदीसकट. मला हेच हवं असतं. कॅमेऱ्याने कुठला व्हाइट बॅलन्स धरला, कुठलं पिक्चर कंट्रोल (रंग किती भडक ठेवायचे त्याची ठरीव मांडणी) लावलं, ॲक्टिव्ह डी-लाइटिंग (सावल्या उजळण्याची सोय) चालू होतं का, हे सगळं कंपनीचं सॉफ्टवेअर वाचतं आणि तसंच लावून दाखवतं. मग मी त्यातली एकेक गोष्ट बदलते आणि कशाने काय झालं ते डोळ्यांनी बघते.

दुसऱ्या एका कंपनीचं नावाजलेलं, पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर मी दोन वर्षं वापरलं. त्यात फोटो उघडला की क्षणभर ओळखीचा दिसायचा आणि मग डोळ्यांदेखत रंग बदलायचे. पहिल्यांदा मी घाबरले होते. नंतर कळलं की एनईएफच्या पोटात एक छोटा जेपेग असतो, आधी तो दिसतो, आणि मग ते सॉफ्टवेअर मोजमापांवरून स्वतःच्या पाककृतीने फोटो शिजवतं. त्यातही काही वाईट नाही, पुष्कळ जणांना तीच चव आवडते. पण मला सुरुवात ओळखीच्या जागेपासून हवी असते. प्रिंट बिघडली तर आधी बिघडलेली प्रिंट समोर हवी, तरच दुरुस्ती सुचते.

आता व्हाइट बॅलन्स. तिथे ग्रे पॉइंटचं ड्रॉपर आहे. फोटोतल्या खऱ्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर टिचकी मारायची, सॉफ्टवेअर तिला रंगहीन करतं आणि बाकीचे रंग त्या हिशोबाने सरकतात. प्रश्न असा की हळदीच्या मांडवात पांढरं काय असतं? फोडलेला नारळ दिसला, पण खोबऱ्याला मुळात किंचित पिवळसर झाक. ताईची बांगडी हिरवी. भिंतीचा चुना जुना. ओटीचे तांदूळ हळदीकुंकवाने माखलेले. मग रांगोळी सापडली. पाटाच्या कोपऱ्याशी रांगोळीची एक जाड रेघ होती, कुणाचाही पाय न लागलेली. फोटो 200 टक्के मोठा करून तिच्या मधोमध टिचकी मारली.

हळद जागेवर आली, पण मांडव गेला. रांगोळी दुधासारखी पांढरी झाली आणि तिच्याबरोबर कापडातून गाळून आलेल्या उन्हाची ऊबही धुऊन निघाली. कारण माझ्या डोळ्यांना ती रांगोळी त्या दिवशी दुधासारखी दिसलीच नव्हती, थोडी साईसारखी दिसली होती. उजेडाचा रंग ‘तापमान’ म्हणून केल्विनमध्ये मोजतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा वाढवला की फोटो पिवळ्याकडे झुकतो. कॅमेऱ्याने धरलेलं तापमान 3,600 केल्विनच्या जवळ होतं, रांगोळीने ते 3,900 वर नेलं. मी हळूहळू वर सरकवत 4,300 पर्यंत गेले. टिंटची, म्हणजे हिरवा ते मॅजेंटा अशी, पट्टी मॅजेंटाकडे अगदी किंचित, कारण पिवळ्या कापडाने थोडा हिरवेपणा आणला होता आणि तो भाचीच्या हनुवटीखाली साचला होता. तिथे थांबले. उठून पाणी प्यायले, दहा मिनिटं बाहेर गॅलरीत उभी राहिले आणि परत येऊन बघितलं. ही सवय लॅबमधली. पिवळ्याकडे सलग बघत राहिलं की डोळा पिवळं विसरतो, मग माणूस ते वाढवतच जातो.

पण साडी अजून चुकीची होती. साडीच्या निऱ्या दिसत नव्हत्या, पदराचा एक सपाट पिवळा तुकडा झाला होता. हिस्टोग्राम, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन रंगांचा (चॅनलचा) 0 ते 255 च्या पट्टीवरचा आलेख, उघडून बघितला. लाल चॅनल 255 ला टेकलेला, निळा शून्यावर बसलेला. पिवळ्या रंगात असं झालं की निऱ्यांचा चढउतार दाखवायला एकटा हिरवा उरतो. कॅमेऱ्यात पिक्चर कंट्रोल ‘व्हिव्हिड’वर, म्हणजे भडक रंगांवर, राहिलं होतं. ते ‘न्यूट्रल’ केलं आणि पदर उलगडला. एकेक निरी, काठाची जर, आणि जिथे हळदीचं ओलं बोट लागलं होतं तिथला जास्त गडद डाग. ही माहिती पहिल्यापासून फाइलमध्ये होती, व्हिव्हिडने ती झाकली होती. न्यूट्रलमध्ये चेहरा जरा मवाळ पडला, म्हणून कॉन्ट्रास्ट थोडा चढवला. मग एक कलर कंट्रोल पॉइंट ताईच्या हातावर ठेवला आणि तेवढाच हात उजळला, कारण ती उन्हाकडे पाठ करून वाकली होती.

आणि मग भाचीचा गाल दिसला. हळद वाळून तिला बारीक भेगा गेल्या होत्या, आणि हसताना जिथे खळी पडते तिथे ती पापुद्र्यासारखी उचलली होती. भेगांमधून खालची गोरी कातडी. ग्रुपवर पाठवलेल्या फोटोत तिथे नुसता एक फिकट डाग होता. रात्रीचा एक वाजला होता तरी मी यांना उठवून दाखवलं.

लाल चॅनलचा हा धडा मी मुळात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांकडून शिकले. आमचं घर ऐरोलीत, खाडी जवळ. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 पासून रोहित अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की मी ऐरोलीच्या केंद्रावरून बोटीने जाते. वेळ भरती-ओहोटीवर ठरते. रोहितचा गुलाबी हा कॅमेऱ्यांची परीक्षा घेणारा रंग आहे. तो त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून, म्हणून पिल्लं करडी असतात आणि एकाच थव्यात दहा गुलाबी सापडतात. उडताना पंख उघडला की आतला गर्द लाल आणि काळी पिसं एकदम समोर येतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो लाल सपाट दिसायचा, लाल चॅनलचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटलेला. मी एक्स्पोजर कमी करत जायचे आणि घरी येऊन बघते तर काळी पिसं दाण्यांनी भरलेली. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम जेपेगचा असतो, व्हिव्हिड लावलेल्या जेपेगचा. रॉमध्ये लाल अजून शिल्लक असतो. आता मी खाडीत जाताना कॅमेरा न्यूट्रलवर ठेवते. पडद्यावरचे फोटो फिके दिसतात, बोटीतल्या शेजाऱ्यांना माझी कीव येते, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ असतो. हळदीच्या आदल्या आठवड्यात मुलाने कॅमेरा नेला होता, तो व्हिव्हिडवर परत आला, आणि मी तपासला नाही. तपासायला हवा होता.

दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते, कुणाच्या तरी कामी येतील. एनएक्स स्टुडिओ केलेले बदल एनईएफमध्ये लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये एनकेएससी_पॅराम नावाचं एक छोटं फोल्डर तयार होतं, त्यात प्रत्येक फोटोची नोंद जाते. मूळ फाइल अस्पर्श राहते, हे उत्तम. पण मागच्या वर्षी मी खाडीचे 180 फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले, फक्त एनईएफ निवडून हलवले, आणि ते छोटं फोल्डर नको असलेलं समजून पुसून टाकलं. तीन आठवड्यांचं काम गेलं. फोटो सगळे होते, जसे कॅमेऱ्यातून निघाले तसे. तेव्हा पूर्ण फोल्डर उचला, आतलं काही निवडू नका.

दुसरं, घाई करू नका. एकेक फाइल सुमारे 28 एमबीची आहे आणि माझा लॅपटॉप आठ वर्षांचा, पट्टी सरकवली की क्षणभर थांबावं लागतं. मला ते चालतं. एका मांडवातल्या एका उजेडातल्या फोटोंना एकदाच केलेले बदल कॉपी-पेस्ट करता येतात. कापडाखालचे 90 फोटो मी असेच एकदम केले, आणि बाजूच्या स्वच्छ उन्हातले वेगळे. दोन्हींची सरमिसळ केली तर पुन्हा तेच निळं-पिवळं होऊन बसतं. पुढच्या लग्नात मी मांडवात पोचल्याबरोबर कोऱ्या पांढऱ्या कागदावर प्रीसेट व्हाइट बॅलन्स घेणार आहे.

गुरुवारी गालावर हळदवाला फोटो 8 बाय 12 इंचांत, मॅट कागदावर, दोन प्रती छापून घेतल्या. दुरुस्त फोटोच्या सोळा बिटांच्या टिफ फाइलवरून जेपेग करून दिला, आणि काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, तुमच्याकडून रंगाची दुरुस्ती नको, आहे तसा छापा. त्याने विचारलं, “खूप पिवळा नाही का वाटत, मॅडम?” मी म्हटलं, “हळद आहे.”

संध्याकाळी चरईत ताईकडे गेले. प्रिंट तिच्या हातात दिली तेव्हा ती काही बोललीच नाही, आत गेली आणि कपाटातून हळदीची साडी घेऊन आली. धुऊन, घडी करून ठेवलेली. खिडकीशी जाऊन आम्ही साडी आणि प्रिंट शेजारी धरली. साडीचा पिवळा जुळला, काठ जुळला. हळदीची बोटं जिथे लागली होती तिथे मात्र साडीवर लालसर डाग होते. साबण लागला की हळद लाल होते. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावूनच करतात. ताई त्या डागावरून अंगठा फिरवत होती.

“असा नव्हता गं हा,” ती म्हणाली, आणि प्रिंटमधल्या पदरावरच्या डागावर बोट ठेवलं. “असा होता.”

दुसरी प्रत मी पुठ्ठ्यात घालून ठेवली आहे. भाची शनिवारी पाचपरतावनाला येतेय.